आगळात बुडवलेले नट

सकाळी लखलखणारे पाच नट दुपारच्या जेवणापर्यंत पुन्हा लाल झाले होते. हे असं का व्हावं, ते मैथिलीला कळेना. ती ओटीवर बसून रडली. तुम्हीही रडला असतात.

गोष्ट २०७९ सालची. समुद्र खारेवाडीच्या अंगणात आला होता. सगळी वाडी डोंगरावरच्या वस्तीत निघून गेली होती आणि माणसं नेणारी उडती वाहनंही आता येत नव्हती. मागे राहिली होती मैथिली, तिची आई आणि गुडघे निकामी झालेले आजोबा. संध्याकाळी उधाण येणार होतं. त्याआधी आजोबांना वर न्यायला साधन एकच, आईची जुनी मोटार. तिचं काढून ठेवलेलं चाक बसवायचं होतं, पण ते आवळायचे नट गंजून बोल्टवर फिरतच नव्हते.

आंबट पदार्थ गंज काढतो, एवढं मैथिलीला ठाऊक होतं. म्हणून आदल्या दिवशी तिने नट आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, बुडवले. आजीच्या हातची ती शेवटची बाटली होती. आजी गेली, कोकमाचं झाडही खाऱ्या पाण्याने वाळलं, आणि आता आगळही गेलं ते गेलंच.

आजोबा धातुशास्त्रज्ञ (धातूंचा अभ्यास करणारे) होते. वाडीच्या बंधाऱ्याची लोखंडी दारं त्यांनीच बनवली होती. ती गंजून पडली आणि समुद्र आत आला, तेव्हापासून ते फारसं बोलत नसत. आज एवढंच म्हणाले, "मला राहू द्या इथेच. तुम्ही दोघी चालत जा."

आईने तोंड फिरवलं. मैथिलीने मात्र रागाने नटांची वाटी त्यांच्यापुढे आदळली आणि विचारलं की हे असं का झालं, तेवढं तरी सांगा.

आजोबांनी एक नट उचलून जिभेला लावला. "खारट," ते पुटपुटले. मग बऱ्याच दिवसांनी त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज (लोखंडावरचा ठिसूळ लाल थर) तयार होतो. आगळातल्या आम्लाने (आंबटपणा आणणाऱ्या पदार्थाने) तो विरघळला, हे बरोबर. पण आगळात मीठही असतं. खाऱ्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो, त्यामुळे गंज फार लवकर चढतो. त्यात मैथिलीने नट न धुता, न पुसता ओलेच ठेवले होते.

समई घासायची चिंच घरात होती. आजोबांनी आधी चाखून पाहिली, मीठ नव्हतं. आईने कोळ गरम केला. नवा गंज पातळ होता, तो जुन्या दातब्रशने घासल्यावर निघाला. मग नट खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळले. त्याने उरलेलं आम्ल शांत होतं. याला उदासिनीकरण म्हणतात. शेवटी साध्या पाण्याने धुऊन चुलीच्या उबेला कोरडे केले आणि हवा आणि पाणी लागू नये म्हणून खोबरेल चोळलं.

चार नट बोल्टवर बसले. पाचव्याचे आटेच झिजले होते.

"आम्ल गंज काढतं, बायो. गंजाने खाल्लेलं लोखंड परत देत नाही," आजोबा म्हणाले. ते बंधाऱ्याकडे बघत होते.

"चार आहेत ना," मैथिली म्हणाली. तिने त्यांची काठी आणून दिली. ते तिच्यावर भार देऊन उठले.

आईने चार नटांवर चाक आवळलं आणि मोटार अगदी हळू चालवली. मागे पाणी ओटीच्या पायरीला लागलं होतं. घर पुन्हा दिसणार नव्हतं, हे तिघांनाही कळत होतं. मैथिली खोबरेलाची बाटली मांडीवर धरून बसली होती.

चढ अर्धा संपल्यावर आजोबांनी विचारलं, "वरच्या पाण्याच्या टाकीची झडप कसली आहे गो?"

"लोखंडी."

"मग ते तेल जपून ठेव," आजोबा म्हणाले.