अकरा रुपयांचा सोमवार

केशवराव इंगळे अमरावतीहून पहिल्या बसने अकोल्याला आले, ते मोबाइल हातात धरूनच. गुलनार शेखच्या ऑफिसात खुर्चीवर बसल्यावरही त्यांनी तो खिशात ठेवला नाही.

"माही बायको वारून सात महिने झाले," ते म्हणाले, "अन् तिचं कार्ड अजून बाजार करून राहिलं."

गुलनार आधी एका बँकेत क्रेडिट कार्डांच्या कामाला होती. ती नोकरी सोडून तिने टिळक रोडवरच्या एका गाळ्यात खासगी तपासाचं काम सुरू केलं, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. जोडीला नत्थुजी, निवृत्त हवालदार. माणूस इमानी, पण डोक्याने जरा सावकाश.

"काका, पाणी घ्या. मग सुरुवातीपासून सांगा."

केशवराव तिवसा तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. क्रेडिट कार्डाचं खातं त्यांच्या नावावर. त्याच खात्यावर घरच्यांसाठी आणखी दोन कार्डं काढलेली: एक बायकोचं, सुंदराबाईचं, आणि एक मुलाचं, ललितचं. खर्च कोणीही करो, बिल केशवरावांचं आणि मेसेजही त्यांच्याच फोनवर.

त्यांनी फोन पुढे केला. "दर सोमवारी, सकाळी साडेनऊच्या आसपास. सुंदराच्या कार्डावर अकरा रुपये. सातपुडा ट्रेडर्स, मूर्तिजापूर."

"अकरा रुपये?" नत्थुजी हसले. "चोर लयच गरीब दिसते."

"हसू नका, हवालदार. मेलेल्या बाईच्या नावावर कोणी हात मारते, मले झोप नाही येत. कार्ड सारं घर धुंडाळून सापडलं नाही."

"बाई गेल्यावर कार्ड बंद काहून नाही केलं?" गुलनारने विचारलं.

"दोनदा गेलो बँकेत, मृत्यूचा दाखला घेऊन. फॉर्मवर लिहिलं होतं, नाव कमी करणे. तसाच वापस आलो."

गुलनारने वही पुढे ओढली.

"शक कोणावर हाय?"

"गुलफामवर. शेवटचं दीड वर्ष सुंदराची सेवा तिनंच केली. माहेर मूर्तिजापूरचं. ललित म्हणते, पोलिसात द्या. मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांब. मॅडम, ती आता दुसऱ्या घरी म्हाताऱ्या माणसाले पाहते. तक्रार झाली तर तिले कोणी उंबरठ्यात उभं करणार नाही. मले खात्री पाहिजे."

"घरात आणखी कोण?"

"मी. ललित अकोल्यालेच राहते, डाळ मिलमध्ये सुपरवायझर हाय."

"बस? दोनच जण?"

केशवराव फोनकडे पाहत राहिले. "मुलगी होती. गीतांजली. धारणीले, मेळघाटात, जिल्हा परिषदेत पर्मनंट नोकरी. चार वर्षांमागं राजीनामा देला. म्हणे, मले धंदा कराचा हाय! माहा बाप दुसऱ्याच्या वावरात राबला म्हणून मी शिकलो, मी राबलो म्हणून ती लागली. अन् ती राजीनामा देते. मी घरात सांगून टाकलं, जो तिले फोन करीन त्यानं माहं तोंड पाहू नये. पुढं कुठं गेली माहीत नाही. आईच्या जलदान विधीलेही आली नाही. ललितनं कळवलं होतं. तरी नाही आली."

"सुंदराबाईनं स्वतः कार्ड शेवटचं कधी वापरलं?"

"दोन वर्षं झाले. डोळे दाखवाले अकोल्याले एकटीच आलती, रेल्वेनं. चष्म्याचे पैसे कार्डानं देले. घरी आली अन् महिनाभरात अंथरूण धरलं, ते उठलीच नाही."

ते गेल्यावर गुलनारने नत्थुजींना कामाला लावलं. "मूर्तिजापूरले जा. सातपुडा नावाची पाटी शोधू नका. मशीनवरचं नाव अन् पाटीवरचं नाव कैकदा वेगळं असते. जिथं मशीन दिसन तिथं काही तरी घ्या, कार्डानं पैसे द्या अन् निघालेली चिठ्ठी वाचा."

"अन् तुमी?"

"मी अमरावतीले."

गुलफाम पन्नाशीची, हाडकुळी बाई. चपराशीपुऱ्यातल्या खोलीत तिने गुलनारला बसायला खाट दिली, स्वतः उभी राहिली.

"साहेबानं पाठवलं ना? मले माहीत हाय. ललितभाऊ रस्त्यात भेटले तं तोंड फिरवते. अल्ला कसम, बाईचं कार्ड मी डोयानं नाही पाहिलं. सात महिने झाले, त्या घरात कोणी मले चहा नाही विचारला."

"मी चोरीचं विचाराले नाही आली, खाला. बाईचा दिवस कसा जाए, ते सांगा."

गुलफाम तेव्हा खाली बसली. "कसा जाइन? साहेब कमी बोलत. बाई खिडकीकडं पाहत. जेवणावर मन नाही. सोमवारीच काय ते दोन घास जास्त."

"सोमवारीच काहून?"

"देव जाने. सकाळी म्हणत, गुलफाम, साहेबाचा फोन दे, टाइम पाहाचा हाय. मी म्हणो, बाई, समोर भिंतीवर एवढी मोठी घडी लटकली! म्हणत, ते मले दिसत नाही. अन् खिडकीतून रस्त्यावरची माणसं बराबर वळखत." ती हसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

ललित दुसऱ्या दिवशी मिलच्या फाटकाशी भेटला. बिल त्याच्या ईमेलवर यायचं, पैसे वडिलांच्या बँक खात्यातून आपोआप जायचे. "मी शेवटचा आकडा पाहतो, मॅडम. यादी वाचाले वेळ कोणाले हाय?"

गुलनारने त्याच्याकडून दोन वर्षांची बिलं मागून घेतली आणि तिथेच वाचली. अकरा रुपये आईच्या मृत्यूनंतर सुरू झाले नव्हते. पहिले अकरा दोन वर्षांपूर्वीचे होते, चष्म्याच्या खर्चाच्या पुढच्याच सोमवारचे.

"पाहा!" ललित म्हणाला. "आई जित्ती होती तेव्हापासून ती बाई चोरून राहिली!"

"बहिणीले आईचं तुमीच कळवलं?"

"हो. फोन केलता."

"काय म्हणाली?"

ललित जरा थांबला. "काय म्हणन? रडली."

"नंबर द्या बरं तिचा."

"मंग बदलला तिनं."

संध्याकाळी नत्थुजी ऑफिसात आले, ते खांद्यावर पोतं घेऊन.

"हे काय?"

"सरकीची ढेप." त्यांनी पोतं खाली आदळलं. "सातपुडा सापडलं. स्टेशनाजवळ पशुखाद्याचं दुकान हाय, पाटी वेगळीच. मी म्हटलं, वीस रुपयाचं मीठ द्या, कार्डानं घ्या. दुकानातली बाई म्हणे, काका, शंभराच्या खाली कार्ड नाही चालत. मंग काय करतो? पोतंच घेतलं. घरी बकरीसुदीक नाही माह्या!"

"बाई कशी हाय?"

"पस्तिशीची. एकटीच दुकान चालवते. मेळघाटातले दोन मजूर आलते, त्यांच्याशी कोरकूत बोलली, फडाफडा. मी तं पाहतच राहिलो."

गुलनारने त्यांच्याकडून दुकानाची चिठ्ठी मागून पाहिली. मग म्हणाली, "उद्या रविवार. सगळ्यांले काकाच्या घरी बोलवा. गुलफामलेही."

अमरावतीच्या त्या घरात सहा खुर्च्या होत्या आणि पाचांवर धूळ होती. गुलफाम आल्या आल्या सवयीने फडकं शोधू लागली. केशवरावांनी तिला थांबवलं नाही, बस असंही म्हटलं नाही.

"अकरा रुपयासाठी कोणी कार्ड काढत नाही," गुलनारने सुरुवात केली. "काढलं तरी दुकानदार घेत नाही, कारण मशीनचं कमिशन जाते. नत्थुजीले तिथं शंभराच्या खाली नाही म्हणून सांगितलं. मंग त्याच मशीनवर दर सोमवारी अकरा रुपये कोण घेऊ शकते?"

"मशीनचा मालक," नत्थुजी म्हणाले.

"मालकीण. दुकान उघडल्यावर पहिलं काम."

"म्हणजे कार्ड तिनं चोरलं," ललित म्हणाला.

"लाखाची मर्यादा असलेलं कार्ड चोरून कोणी दोन वर्षं अकरा रुपयांवर थांबते? तिले पैसे नको होते. पैसे सोडले तर कार्डातून काय निघते? मेसेज. तो काकाच्या फोनवर येते. पण सोमवारी सकाळी तो फोन कोणाच्या हातात राहे?"

गुलफामच्या हातातलं फडकं थांबलं. "बाईच्या."

"समोर घड्याळ असताना. वाचून पुसून टाकत असतीन, म्हणून काकाले बाई गेल्यावरच मेसेज दिसू लागले. या घरात एका माणसाले फोन कराची बंदी होती. सुंदराबाई अकोल्याहून एकट्या वापस आल्या, अन् वाटेत मूर्तिजापूर लागते, दुकान स्टेशनाजवळच. पुढच्याच सोमवारी पहिले अकरा रुपये. तिथली दुकानदारीण कोरकू बोलते. धारणीत नोकरी केल्याशिवाय ते येत नाही."

केशवराव उभे राहिले आणि परत बसले. "गीता?"

"आईनं कार्ड तिले देलं, काका. हे नियमात बसत नाही, पण सुंदराबाईजवळ स्वतःचा फोन नव्हता, दुसरा रस्ताही नव्हता. अकरा रुपये म्हणजे, आई, मी बरी हाय. एवढंच."

"मंग सुंदरा गेल्यावर काहून चालू ठेवलं? विधीले येता नाही आलं तिले, अन् हे..."

"तेच विचारा, काका. आई मेल्यावर आईले खुशाली कोण कळवते?"

केशवरावांनी हातातला मोबाइल खाली ठेवला.

"ज्याले माहीत नाही, तोच," गुलनार म्हणाली. ती ललितकडे वळली. "कार्ड चालते, म्हणजे आई हाय, असं समजून राहिली ती. ललितभाऊ, रडली म्हणता तुमी. कोण रडलं?"

ललितने मान खाली घातली. "फोन लागलाच नाही. जुना नंबर बंद होता. बाबांनी त्या गर्दीत विचारलं, सांगितलं का? मी हो म्हटलं. वाटलं, उद्या शोधू. मंग ती आली नाही म्हणून बाबा बोलत राहिले, अन् मले रोज सांगणं जड जाऊ लागलं."

"अन् या बाईवर पोलीस पाठवत होता तू," केशवराव म्हणाले. आवाज चढला नाही. ते उठले, गुलफामच्या हातातून फडकं घेतलं आणि एक खुर्ची स्वतः पुसली. "बस, बाई. माहं चुकलं."

"मी जातो मूर्तिजापूरले, बाबा. मी सांगतो तिले."

"नाही. बंदी मी घातली होती. सांगीन मीच."

सोमवारी नऊला गुलनारने गाडी दुकानापासून जरा दूर लावली. वाटभर केशवरावांचे ओठ हलत होते, साहेबापुढे अर्ज वाचायच्या आधी कारकुनाचे हलतात तसे.

ते एकटेच उतरले आणि चालत गेले. शटर नुकतंच वर गेलं होतं. बाई पोती ओढून बाहेर मांडत होती. पाठीमागे कोणी उभं राहिल्याचं कळून ती वळली. हातातलं पोतं तिरपं झालं.

"बाबा?"

केशवरावांनी मान हलवली. त्यांना पुढचं काही सुचेना. वाटेत जुळवलेलं सगळं गेलं होतं.

तिचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांच्या खांद्यावरून तिने रस्त्याकडे पाहिलं, दूरच्या गाडीकडे. हात झटकून ती दोन पावलं पुढे आली.

"आईले गाडीतच बसवलं का? उतरता येत नाही तिले? थांबा, मी खुर्ची आणतो."

केशवराव दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांनी शेजारची जागा हाताने झाडली.

"खुर्ची राहू दे, गीता," ते म्हणाले. "तू बस इथं. माह्याजवळ बस."