किल्ली कुणी टाकली?

दिवा राहू दे. लावलास तर समोर तुझंच तोंड दिसेल, ते जास्त भयंकर. आणि तू गं, पांघरूण डोक्यावर कशाला? भूत पाय धरतं.

ही माझ्या मेहुण्याची गोष्ट. हॉस्पिटलच्या सर्व्हररूममध्ये रात्रपाळीला एकटाच. खोली बर्फासारखी गार. आधी दोघं असायचे. दुसरे अण्णा, त्याचे गुरू. ते उन्हाळ्यात वारले. त्यांचं खातं मशीनवरून यानंच पुसलं.

गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार, रात्रीचा एक. काम फुटकळ. रद्दी फायली साफ करणारा नवा प्रोग्राम चालू करायचा. मला अडाण्याला त्यानं असं समजावलं, की रूट म्हणजे अख्ख्या मशीनची किल्ली. प्रोग्रामनं ती घ्यायची, हवं ते दार उघडायचं आणि लगेच किल्ली टाकून साधा नोकर व्हायचं. अण्णा रोज ओरडायचे, "किल्ली टाकलीस का रे, गाढवा?"

आता ओरडायला कोणी नव्हतं. किल्ली टाकायची ओळ यानं लिहिलीच नाही. उद्या बघू म्हणाला. तुमच्याच जातकुळीतला!

एंटर दाबलं. फायली उडायला लागल्या. पण रद्दी नव्हे, पेशंटच्या! कुणाचं रक्त कुठलं, कुणाला कुठलं औषध चालत नाही... सगळं. फोल्डरच चुकीचा दिला होता. आणि हातात किल्ली, म्हणजे अडवणार कोण? थांबवायला गेला. मशीन ढिम्म.

मग स्क्रीनवर एक ओळ आली. परवानगी नाही.

आणखी एक. परवानगी नाही...

प्रोग्राम तोच. चालूच. पण किल्ली गेलेली.

आता नीट ऐका. चालत्या प्रोग्रामच्या हातून किल्ली कुणी काढून घेत नाही. त्यानं स्वतःच टाकावी लागते. आणि ती ओळ तर...

प्रोग्राम कुणाच्या नावावर चाललाय, ते त्यानं बघितलं. नाव नव्हतं. नुसता आकडा; खातं पुसलं की नाव जातं, आकडा उरतो. अण्णांच्या पुसलेल्या खात्याचा.

"अण्णा?"

...

पंखे घुमत होते.

"चुकलो, अण्णा. ओरडा ना."

...

गेलेल्या चार फायली त्यानं बॅकअपमधून परत आणल्या. प्रोग्राम बंद करायचा होता. हात होईना. बसून राहिला.

पहाटे सफाईवाल्या मावशी आल्या. शेजारची खुर्ची सरकवताना म्हणाल्या, "दुसरे साहेब आत्ताच गेले वाटतं? खुर्ची गरम आहे अजून."

त्या गारठ्यात...

त्यानं बैठकीवर तळहात ठेवला. मावशी पुढच्या खोलीत गेल्या. खुर्ची गार होईपर्यंत त्यानं हात उचलला नाही.