ढकलून बघा

कडी वाजली. खळ्ळ.

दुपारचे तीन. आर्या नुकतीच झोपली होती आणि जबलपूरच्या मदन महाल भागातल्या त्या दोन खोल्यांत इतकी शांतता होती की कागदावरून फिरणाऱ्या कटरची सरसरही प्रणोतीला ऐकू येत होती. कडी वाजली तसा हात हलला, कटर रेघेबाहेर गेला आणि तासाभराची मेहनत वाया गेली.

ती उठली, दार अर्धं उघडलं आणि पहिल्यांदा ओठांवर बोट ठेवलं.

दारात एक तिशीतला माणूस. बाहीवर सोनेरी शाईचा डाग, हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा.

"गीतांजली दीदींच्या लग्नाच्या..."

"हळू! पोरगी झोपलीये."

"गीतांजली दीदींच्या पत्रिका," तो लगेच कुजबुजला.

"त्या वर राहतात."

"अच्छा." पण तो हलला नाही. त्याची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली, फरशीवर पसरलेल्या कागदांवर. "ते... काय करून राहिल्या तुम्ही?"

दार लावून घ्यावं, असं तिला वाटलं होतं. पण गेल्या तीन वर्षांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. नागपूरचं घर, तिथला संसार, कोर्टाचे कागद हे सगळं मागे टाकून ती लेकीला घेऊन माहेरच्या या गावात परतली, तेव्हापासून लोक फक्त "आता पुढे काय?" एवढंच विचारायचे. तिने खाली वाकून एक कार्ड उचललं आणि त्याच्यासमोर धरलं.

कार्डावर टेकडी होती, इथलीच, मदन महालची. वर तो प्रचंड खडक, दुसऱ्या दगडावर जेमतेम टेकलेला, जो बघायला सगळं जबलपूर शाळेच्या सहलीत एकदा तरी जातं. बाजूला एक पट्टी, आणि पट्टीवर लिहिलेलं: *ढकलून बघा.*

त्याने ढकललं. खडक डुलला... आता पडतो, आता पडतो... आणि सावरला. खाली एक फट उघडली. आत बारीक अक्षरं: *पडत नाही. मीही नाही. — प्रणोती.*

पुन्हा ढकललं. मग तिसऱ्यांदा. टच्च! पट्टी तुटून त्याच्या हातात आली.

"बाप रे. माफ करा..."

"तुमची चूक नाही. तिसऱ्या वेळेला तुटतेच ती."

त्याने पट्टी उजेडात धरली, वाकवून पाहिली. "आडवी कापलीये. कागदालाही लाकडासारख्या रेषा असतात. आडवा कापला की तुटणार, उभा कापला की टिकणार."

"तुम्हाला बरं माहीत!"

"सदर बाजारात छापखाना आहे आमचा. पत्रिकांचा. मी सिद्धेश." मग जरा थांबून, "आपण अजून कुजबुजून काहून बोलून राहिलो?"

"ती झोपलीये म्हणून."

"अच्छा. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही." तो हसला आणि वर जायला निघाला. दोन पायऱ्या चढून वळला. "मशीन सकाळी रिकामी असते. या. पट्टी नीट कापून देतो."

*

पुण्यात भिंगरी नावाचा एक छोटा स्टुडिओ होता. कागदाची खेळणी, उघडता उघडता घर होणारी पुस्तकं, फुंकर मारली की फिरणारी निमंत्रणं असलं काहीबाही ते करायचे. प्रणोतीचा त्यांच्यावर जीव जडला होता. दोन ईमेल पाठवून झाली, उत्तर नाही. मग तिने ठरवलं, जी माणसं कागदाशी खेळतात, त्यांच्या हातात कागदच द्यायचा. असा की त्यांना खेळल्याशिवाय राहवणारच नाही. तिथे काम मिळालं, तर ती पुन्हा आपल्या पायांवर उभी राहणार होती... खडकासारखी जेमतेम नाही, नीट.

आर्याला शाळेत सोडलं की ती ऑटोने सदरला जाऊ लागली. छापखान्यात शाईचा आणि खळीचा वास. कोपऱ्यात सिद्धेशचे वडील, विष्णुपंत, चष्मा कपाळावर चढवून पत्रिका मोजत बसलेले. आणि मशीनजवळ सिद्धेश, दर वेळी एक नवी खोट काढायला तयार.

"खडक केसभर डावीकडे सरकलाय."

"केसभर? कुणाच्या केसभर?"

"तुमच्या." तिच्या कानामागून सुटलेल्या बटेकडे त्याने इतकं गंभीरपणे पाहिलं, की तिला फुटपट्टी शोधायचं नाटक करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी घडी जाड झाली होती. तिसऱ्या दिवशी फट अर्धीच उघडत होती. ती वैतागायची, हसायची, पुन्हा कापायची. मधल्या वेळात तो समोरून चहा आणायचा आणि तिच्या पेल्यावर एक छोटं कागदी झाकण ठेवायचा, रोज नव्या आकाराचं. कधी टोपी, कधी बेडूक. ती झाकणं घरी न्यायची. "आर्यासाठी," असं सांगायची. आर्याला त्यातली निम्मीच मिळायची.

"पुण्याहून बोलावणं आलं तर?" एकदा त्याने मशीनकडे बघतच विचारलं.

"तर जाईन."

"जायलाच पाहिजे," तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने कापलेली कड पहिल्यांदाच वाकडी गेली.

पाच आठवड्यांनी कार्ड तयार झालं. पांढरंशुभ्र, जाड, देखणं. पन्नासदा ढकललं तरी खडक सावरायचा. घड्या नीट बसाव्यात म्हणून रात्रभर वजनाखाली ठेवलं. सकाळी पोस्टात टाकायचं होतं.

सकाळी ती छापखान्यात शिरली, तेव्हा सिद्धेश दारातच उभा होता. चेहरा उतरलेला.

"आधी बसा."

"काय झालं? फाटलं?"

"फाटलं नाही..."

त्याने कार्ड पुढे केलं. चारही कोपऱ्यांना हळदीची पिवळीधमक बोटं आणि प्रत्येकावर कुंकवाचा ठसठशीत टिळा.

क्षणभर तिला कळेचना. मग कळलं. चाळीस वर्षांत या दुकानातून एकही पत्रिका कोरी बाहेर गेली नव्हती. विष्णुपंत सकाळी आंघोळ करून येत, वजनाखालचं काढत आणि चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावूनच मोकळे होत. आजही त्यांनी तेच केलं होतं.

"बापूजी, ही लग्नपत्रिका नाही हो!" तिचा आवाज चिरकला. "पाच आठवडे..."

विष्णुपंतांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "मग काय आहे पोरी?"

"ते... मी त्यांना सांगतेय, की माझ्याकडे बघा. माझं काम बघा."

"म्हणजे बोलावूनच राहिली ना त्यांना? मग आमंत्रणच झालं." म्हातारा शांतपणे म्हणाला. "आणि आमंत्रण कोरं धाडत नाहीत बाई."

सिद्धेश घाईघाईने पुढे आला. "मी संध्याकाळपर्यंत दुसरं करून देतो. रात्र झाली तरी बसतो. हे नको पाठवू, हसतील ते."

तो तिला 'तू' म्हणाला होता. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं, आणि दोघंही कार्डाकडेच बघत राहिली.

प्रणोतीने हळूच पट्टी ढकलली. हळदीच्या बोटांमधला खडक डुलला, सावरला. कुठल्या तरी लग्नघरातून पळून आल्यासारखा दिसत होता तो... आणि तिला एकदम हसू फुटलं.

"हसू दे की. हसवायलाच तर पाठवतेय."

*

पहिला आठवडा आशेत गेला. दुसरा आठवडा पोस्टमनच्या सायकलीकडे कान लावण्यात. तिसऱ्यात तिने स्वतःला सांगून टाकलं, नाही आलं तर नाही. छापखान्यात जायला आता कारण उरलं नव्हतं, तरी ती जात होती, आणि कारण कोणी विचारत नव्हतं.

एप्रिलच्या एका शनिवारी पाकीट आलं. जाड, चौकोनी, पुण्याचं. आर्याला सुट्टी होती. तिचा हात धरून, पाकीट न उघडताच, प्रणोतीने थेट ऑटो पकडली.

"इथे काहून आणलं?" सिद्धेश म्हणाला. "घरीच उघडायचं ना."

"एकटीनं भीती वाटली."

तिघांनी मिळून उघडलं. आत एक कागदी खिडकी. ती उघडल्यावर सहा माणसं हात हलवत उभी राहिली आणि मागे पत्र: *तुमचा खडक चौथ्या दिवशी दमला, आम्ही सगळ्यांनी मिळून इतका ढकलला. हळद कुठली वापरलीत? टेबलावरून निघता निघत नाही आणि आता आम्हाला ती काढायचीही नाही. जूनपासून सहा महिने आमच्याकडे काम कराल? मुलीला घेऊन या. जमलं तर पुढचं बोलू.*

आर्या टाळ्या पिटत मशीनभोवती धावायला लागली. विष्णुपंतांनी कोपऱ्यातून "शुभ झालं" म्हटलं. आणि सिद्धेश... तो पत्राची घडी उगीचच नखाने पक्की करत राहिला.

"बोल ना काही," ती म्हणाली.

"अभिनंदन."

"एवढंच?"

त्याने मान वर केली. "एक सांगायचं आहे. चिडू नको. ज्या चुका काढल्या मी... त्या खऱ्याच होत्या. पण एका दिवसात सांगता आल्या असत्या."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्या दिवशीच दिसल्या होत्या मला सगळ्या. रोज एकेक सांगत गेलो. तू उद्या पुन्हा यावी म्हणून."

तिला चिडायचं होतं. पाच आठवडे, रोजची ऑटो, दुखणारी बोटं! तिने चेहरा चिडका करूनही पाहिला, पण ओठ ऐकेनात.

"लबाड आहेस."

"आहे. आणि तरी सांगतो, जा. तू गेली नाहीस तर या कार्डाचा अर्थच खोटा पडेल." तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "तसंही... पुण्याला कागद चांगला मिळतो म्हणे."

"तू तर नागपूरहून आणतोस."

"आतापर्यंत."

"किती कागद लागतो रे तुला?"

"बघ ना, महिन्याला एकदा तरी यावं लागेल. लग्नसराईत दोनदा." आणि मग, अगदी त्या पहिल्या दुपारसारखं कुजबुजत, "चालेल?"

प्रणोतीने त्याच्या बाहीवरच्या सोनेरी डागावर फक्त बोट ठेवलं, आणि उचललं नाही.

आर्याचं धावणं थांबलं होतं. दोघांच्या मधोमध येऊन ती आईच्या बोटाकडे, मग काकाच्या लाल कानांकडे बघत होती. मोठी अडचण सोडवायची असावी तशा कपाळाला आठ्या घालून तिने विचारलं,

"आई, काका कागद घ्यायला पुण्याला आले, तर झोपतील कोणाच्या घरी?"