फोटोतली खोली

शिवकांतानं उदगीरहून खोलीचे फोटो बघून, फोनवर पैसे भरून ठरवलेल्या लातूरच्या पत्त्यावर मुलींचं वसतिगृह नव्हतंच. तिथं पंक्चरचं बंद दुकान होतं! शेजारच्या झेरॉक्सवाल्या पोरानं, मन्मथनं, तिच्या ट्रंकेकडं बघून विचारलं, "ट्रंक पंक्चर झाली का?"

अगं बाई, काय हा आगाऊपणा! पण तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं अन् मन्मथनं जीभ चावली. त्यानं आतलं स्टूल पुढं सरकवलं.

तिच्या फोनमधली पावती बघून तो म्हणाला, "खोटी हाय. आधी खोली बघावी, मालकाला भेटावं, मग पैसे..."

"फोनवरचा माणूस म्हणाला, बेड भरत चाललेत. अन् आपल्यासारखंच बोलत होता हो... 'हाव ताई' म्हणत होता. आपलाच माणूस वाटला."

तिथंच घात झाला. तो दुसऱ्या भाषेत बोलला असता तर याच पोरीनं त्याला सतरा प्रश्न विचारले असते.

"आत्ताच्या आत्ता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. लवकर कळवलं तर पैसे अडवता येतात."

"खातं अप्पांचं हाय, त्यांना सांगावं लागंल." तिनं फोन खाली ठेवला. "मागल्या वर्षी डॉक्टरकीची नीट परीक्षा हुकली तवाच ते लग्नाचं बोलले होते. आईनं हात जोडले म्हणून हे एक वर्ष मिळालं. कळलं तर... संपलंच."

मग ती मैत्रिणीच्या खोलीत दाटीवाटीनं राहिली. क्लास सुटला की झेरॉक्सला यायची. एका पानाला तो दहा मिनिटं लावायचा.

"मशीन तापली," म्हणायचा.

"मशीन, का मशीनवाला?" ती विचारायची — अन् स्वतःच लाजायची.

पण घरी सांगायचं धाडस होईना. चौथ्या दिवशी मन्मथ हळूच म्हणाला, "माझी आई भूकंपात दुपारपर्यंत दगडाखाली होती. हाताला लागलेली वाटी वाजवत राहिली, म्हणून लोकांनी उकरून काढलं. मावशी शेजारीच होती. भिऊन गप्प राहिली... ती सापडली तवा उशीर झाला होता."

तेवढ्यात रिक्षा थांबली. किनवटची एक पोरगी बोचकं घेऊन उतरली. "दादा, हितं मुलींचं हॉस्टेल...?"

तिच्या फोनमध्ये तेच फोटो होते. शिवकांतानं पुढं होऊन विचारलं,

"पैसे कधी भरलेस?"

"काल."

काल! आपण तोंड उघडलं असतं तर... शिवकांतानं तिथंच उभं राहून अप्पांना फोन लावला.

तिचे वडील गुरुपादप्पा दुसऱ्या दिवशी आले. तक्रार झाली. किनवटच्या पोरीचे पैसे बँकेनं अडवून धरले; शिवकांताचे चार दिवसांत गेले ते गेलेच. अप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. "ट्रंक घे," एवढंच ते म्हणाले.

एसटीच्या खिडकीखाली मन्मथ उभा होता. अप्पा तिकिटाच्या चौकशीला उतरले होते.

"मी बोललो नसतो तर तू इथं राहिली असतीस..."

"अन् ती पोरगी?" शिवकांता रडता रडता हसली. "एक गोष्ट मात्र आता दाबून ठेवणार नाही. मला तू आवडतोस, मन्मथ."

"मला तर... ट्रंकेपासनंच."

"घरी लग्नाची घाई केली तर?"

"वाटी वाजव. एक मिसकॉल दे. मी येतो."

एसटी गेली. आठव्या दिवशी भरदुपारी त्याचा फोन एकदाच वाजला अन् थांबला. मन्मथनं मशीन बंद केली, घर गाठलं, आईला, कोंडाबाईला, सगळं सांगितलं.

कोंडाबाईनं हातातलं पीठ झटकलं. "चप्पल घाल," ती म्हणाली, "पोरगी वाट बघत असंल."