चढावर दम सोडणारी गाडी

मी एका गाडीखाली आडवी होते, म्हणून आधी दिसले ते त्याचे बूट. चिखलानं माखलेले, आणि एका टाचेला गवताची काडी चिकटलेली.

"मेकॅनिक आहेत का?" वरून आवाज आला.

"बोला."

"नाही, म्हणजे... मेकॅनिक?"

मी सरपटत बाहेर आले. गालावर ऑइल, हातात पाना. तो एक पाऊल मागं सरकला आणि ओशाळून हसला. हसणं मात्र अगदी मनापासूनचं होतं.

"माझी गाडी चढावर दम सोडते," तो म्हणाला. "नेहमी नाही. तिच्या मनात आलं की. पाय कितीही दाबा, ढिम्म! मग बाजूला घेऊन बंद करायची, जरा थांबायचं, की पुन्हा शहाण्यासारखी पळते."

"तुम्ही काय करता?"

"वाट बघतो."

"अहो, कामधंदा काय करता?"

"अच्छा, ते! जनावरांचा डॉक्टर आहे मी."

डिझेलची गाडी. जुनी, पण जपलेली. मागच्या सीटवर दोरखंड, औषधांची पेटी, रबरी हातमोजे. मी स्कॅनर लावला, त्यात एकही दोष दिसेना. डिझेलचा फिल्टर बदलला, टर्बोचे पाइप चाचपले, गावातून एक चक्कर मारून आणली. कुठं म्हणून अडली नाही.

आठवडाही झाला नसेल, डॉक्टर पुन्हा दारात.

"परत तेच. डोंगरावर."

"इथं तर गुणी बाळ आहे तुमची गाडी."

"माझे पेशंटही असेच. मालकासमोर लंगडतात, मला बघितलं की धावत सुटतात."

"मग काय करता?"

"मग त्यांच्या गोठ्यात जाऊन बसायचं. कधीतरी लंगडतातच."

"मला नाही बाई गॅरेज सोडून डोंगरावर बसायला वेळ," मी म्हटलं. तो नुसताच हसला.

मग तो येतच राहिला. मी काम करायची, तो बोनेटला टेकून अडलेल्या गायींचे आणि चिडक्या बकऱ्यांचे किस्से सांगायचा. त्याच्या इंजिनाचा आवाज मला वळणावरूनच ओळखू यायला लागला... आणि तो आला की हातातला पाना कुठं ठेवला तेच आठवेना!

हे दादाच्या नजरेतून सुटतंय कशाला? गॅरेज आम्हा दोघा भावंडांचं.

"अगं, गाडीत काही नाही," टायर काढता काढता तो म्हणाला. "ती बंद पडत नाहीये, तो पाडतोय. आणि तू हल्ली आरशात बघून कामाला येतेस."

मी हसण्यावारी नेलं, पण ते शब्द आत रुतले. खरं असेल तर... या विचारानं आधी गुदगुल्या झाल्या आणि मग अंगाची लाही लाही झाली. बाई गाडी दुरुस्त करते म्हणून निम्मं गाव आधीच तोंडावर रुमाल धरून हसायचं. त्यात यानं खोटं दुखणं आणून माझ्या कामाचा खेळ करावा?

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा मी बोनेट उघडलंच नाही.

"गाडी ठणठणीत आहे, डॉक्टर. खरं सांगा, तुम्ही कशाला येता?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. "मी खोटं बोलतोय असं वाटतं तुम्हाला?"

"गाडी तरी तेच म्हणतेय."

तो काही बोलणार, तोच त्याचा फोन वाजला. डोंगरापलीकडच्या तबेल्यातली घोडी अडली होती. त्यानं फोन खिशात टाकला आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडून धरलं.

"चला. आत्ता. नाही बंद पडली तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

मी हत्यारांची पेटी उचलली आणि बसले. दादा काहीतरी ओरडला, ते ऐकूच आलं नाही.

चढ लागला. बाहेर भुरभुर पाऊस, काचेवर धुकं. फक्त वायपरची खरड. गाडी मात्र मजेत वळणामागून वळण चढत होती. बंद नाही पडली तर हा जाणार... आणि पडली तर?

वरच्या अरुंद वळणावर इंजिनाचा सूर एकदम बसला.

"बघा," तो हळूच म्हणाला. त्याचा पाय तळापर्यंत दाबलेला होता. गाडी रांगायला लागली, गचके देत थांबली. आणि मागून धुक्यातून दगडांनी भरलेला ट्रक वर येत होता.

मी दार ढकलून बाहेर पडले, हात हलवत मागं धावले. हॉर्न, ब्रेकची किंचाळी... ट्रकची चाकं ओल्या रस्त्यावरून घसरत येत होती.

"उतर!" मी ओरडले. "सोड ती गाडी! उतर ना रे खाली!"

तो उडी मारून कठड्याकडे आला. ट्रक थांबला. मधे जेमतेम हात जाईल एवढी फट.

ट्रकवाल्यानं मुकाट्यानं चाकामागं दगड लावला. मी बोनेट उघडलं. फिल्टरजवळ डिझेल चढवायचा एक रबरी गोळा असतो. गॅरेजमध्ये तो कायम टणक लागायचा. आता तो चिपाडासारखा चपटा झाला होता.

"सापडलं!" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "इंजिन ओढतंय, पण टाकीतून डिझेल येत नाहीये. आत काहीतरी आहे, ते नळीच्या तोंडाला चिकटतं. इंजिन बंद केलं की सुटून पडतं. म्हणून माझ्याकडे आली की ठणठणीत!"

"आणि घोडी?" त्यानं विचारलं. एवढंच.

"वाट बघायला वेळ नाही. पंप आहे? हवा भरायचा?"

होता. मी नळी सोडवून पंप जोडला, तो पायानं दाबत राहिला. टाकीत गुडगुड झाली, चिकटलेलं सुटलं. नळी पुन्हा बसवली, गोळा टणक होईपर्यंत दाबला, चावी फिरवली... आणि ती सुरू झाली.

"पाय अलगद ठेवा," मी म्हटलं. "जास्त दाबलंत तर पुन्हा ओढून घेईल."

उरलेला चढ आम्ही श्वास रोखूनच चढलो.

तबेल्यात तो अंगातला कोट फेकून आत पळाला. मी दाराशी उभी. बराच वेळ नुसतं घोडीचं कण्हणं आणि त्याचा तो समजावणीचा, खालच्या पट्टीतला आवाज. मग एक लांबलचक पायांचं, ओलंचिंब शिंगरू पेंढ्यावर धडपडताना दिसलं, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणीच आलं.

तो हात पुसत बाहेर आला. "मघाशी तुम्ही मला 'तू' म्हणालात."

"घाबरले होते मी."

"घाबरत जा अधूनमधून."

दुसऱ्या दिवशी मी आणि दादानं टाकी उतरवली. तळाशी चंदेरी चकती होती, डिझेलमध्ये टाकायच्या औषधाच्या बाटलीचं सील. कधीतरी कुणाच्या हातून आत पडलेलं. दादानं ते उलटसुलट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शेजारून काहीतरी आणायचं आहे म्हणून निघून गेला.

संध्याकाळी डॉक्टर आला. मी चावी त्याच्या तळहातावर ठेवली. दोघांपैकी कुणीच हात मागं घेतला नाही.

"तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता मी," मी म्हटलं.

"अं... सगळाच नको ठेवू." त्याचे कान लाल झाले होते. "मधल्या दोन खेपा... त्या वेळी बंद नव्हती पडली गाडी."

मी डोळे वटारले. टिकले नाहीत, हसूच फुटलं.

"आता दुखणंच बरं झालं," तो चाचरत म्हणाला. "यायला काही निमित्त उरलं नाही."

"उद्या ये."

"गाडी घेऊन?"

"नको," मी म्हटलं. "चालत ये."