टेप आमची आहे

प्रमोदिनीने काही फुकट सोडल्याचं कुणाला आठवत नाही. ग्रोसरीचं कूपन असो की नवऱ्याची चूक. टोरोंटोजवळच्या वॉनमध्ये जुन्या गाण्यांचे हक्क विकत घेणारी एक कंपनी होती; त्या गाण्यांना गिऱ्हाईक शोधायचं, हे तिथलं तिचं काम. ऑस्बर्ट क्लेमंटच्या गाण्याला आता बँकेची जाहिरात मिळत होती. म्हणजे प्रमोदिनीला बढती.

ऑस्बर्ट त्रिनिदादहून टोरोंटोला आलेला काळा गायक. पन्नासेक वर्षांपूर्वी स्टुडिओच्या मालकाने एका दिवसाची मजुरी हातावर टेकवून त्याची सगळी गाणी कायमची लिहून घेतली. पुढे गाणी रेडिओवर गाजली आणि ऑस्बर्ट शाळेच्या फरश्या पुसत मेला.

त्या गाण्याची मूळ टेप जुनी होऊन चिकट झाली होती. अशी टेप मंद आचेवर शेकूनच लावतात. कंपनीचं रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या उन्मेषने ती आदल्या दिवशीच शेकली होती; आज प्रमोदिनीसमोर लावली. गिटार आली, ढोल आला, माइकच्या दांड्यावर ऑस्बर्टची अंगठी आपटल्याची टिकटिक आली. गाणारा आला नाही.

"जास्त भाजलीस!"

"पापड आहे का तो, ताई? काल मार्वाबाई बसल्या होत्या तेव्हा मस्त गात होता."

मार्वा ऑस्बर्टची मुलगी. वडिलांची गाणी परत मागायला महिन्यातून एकदा यायचीच. प्रमोदिनीने वैतागून तिला बोलावलं. ती कोट न काढताच बसली आणि आवाज आला. जाडसर, उबदार, शेजारी बसून गावं तसा. उन्मेषने कॉपी केली. मार्वा पार्किंगमध्ये गेली. कॉपीत पुन्हा गिटार, ढोल आणि टिकटिकच.

प्रमोदिनी तशीच बाहेर धावली. "आत बसा. तासाचे पैसे देते."

मार्वा हसली. "बाबांनाही तसेच दिले होते. गाणी माझ्या नावावर करा, मग जाहिरातीचं बोलू."

"कायद्याने टेप आमची आहे."

"आहेच की. घ्या गाऊन."

दुपारी साहेबांबरोबर व्हिडिओ मिटिंग झाली. गाणी परत द्यायची नाहीत, असं प्रमोदिनीने ठणकावून सांगितलं. साहेब खूश. इथली प्रत्येक मिटिंग रेकॉर्ड होते आणि ते रेकॉर्डिंग कंपनीच्या मालकीचं; नोकरी लागताना तिनेच सही केली होती.

"ताई, जरा ऐका," मिटिंगचं रेकॉर्डिंग लावत उन्मेष म्हणाला.

साहेबांचा खोकला. साहेबांचा प्रश्न. मग खुर्चीची करकर, आणि टेबलाच्या कडेवर तिची बांगडी.

टिक. टिक.

मग साहेबांचं हसणं. "अगदी बरोबर बोललात, प्रमोदिनी."

"परत लाव!" ती ओरडली.

उन्मेष तिच्या नुसत्याच हलणाऱ्या ओठांकडे बघत होता.

"बोला ना, ताई."