सेहेचाळिसाव्या पानाचा समास

"माझ्या भावाची तीन बोटं माझ्यामुळे गेली असं सगळे म्हणतायत. तुम्हीही तेच म्हणणार असाल तर आत्ताच सांगा. मी निघते."

जुळणीवालीने पुस्तिका टेबलावर आपटली. हवालदाराच्या कपातला चहा बशीत सांडला.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "ओरडायचं तर बसून ओरडा."

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. त्याआधी त्यांनी सव्वीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली होती. पर्समधली पोलादी पट्टी तेव्हाचीच. हवालदार म्हणजे त्यांचा दीर, वाहतूक शाखेतून निवृत्त झालेला. वहिनींच्या मागे मागे हिंडणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं, ही दोन कामं तो मनापासून करी.

जुळणीवाली छापखान्यात मजकूर पानांत बसवायचं काम करायची. कारखान्यातल्या नव्या यंत्राची ही पुस्तिका तिनेच जुळवली होती. तिचा धाकटा भाऊ त्याच यंत्रावर होता. यंत्राची जाळी उघडली की यंत्र आपोआप थांबायला हवं. त्या दिवशी ते थांबलं नाही.

"पान सेहेचाळीस, तळाची ओळ," ती म्हणाली. "जाळी उघडल्यावर यंत्र थांबतं का, हे दर पाळीला तपासा. सरकारच्या तपासणी खात्याला पहिली प्रत गेली, तिच्यात ती ओळ आहे. कामगारांच्या प्रतींत नाही. कारखाना म्हणतो, मी ओळ फार खाली घेतली आणि ती कटिंगमध्ये उडाली. छापखान्याच्या मालकांनी मला घरी बसवलंय. आणि भाऊ तीन आठवडे माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. मी गेले की भिंतीकडे तोंड करून झोपतो."

हवालदाराने पुस्तिका उघडली. सेहेचाळीस डावीकडे होतं. ओळींचे शेवटचे शब्द बांधणीत शिरले होते. पुस्तिका गुडघ्यावर दाबून फाकवावी तेव्हा कुठे ते वाचता येत. ओळ खरंच नव्हती.

"बांधणी भिकार आहे," तो म्हणाला.

"फक्त याच पानाची?" वहिनींनी पुस्तिका ओढून घेतली. पान उलटून पंचेचाळिसाच्या तळाला पट्टी लावली, मग आणखी दोनचार पानांना. "सगळीकडे वीस मिलिमीटर. चला, भाऊजी."

छापखान्यात कटिंगवाले काका भडकलेलेच होते.

"माझी सुरी एकेक ओळ वेचून खाते की काय? पुस्तिका बांधून झाली की अख्खा गठ्ठा एकदम कापतो. तीस वर्षं झाली. हे बघा, दहाही बोटं जागेवर आहेत!"

हवालदाराला काकांचा संशय आला. एवढा चिडतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

मालक काचेच्या खोलीत होते. ते वहिनींकडे न बघता बोलत होते.

"चूक तिची. तळाला जागा सोडायची अक्कल हवी. आमच्या वडिलांनी पुस्तकं छापली, मी छापतो. बांधणीकडचा समास रुंद ठेवायचा, तळ मोकळा ठेवायचा, हे आमच्या घरात पोरांना आधी शिकवतात."

"छापायच्या आधी काही बदल झाला होता?"

"नाही," मालक म्हणाले. जरा लवकरच म्हणाले.

कारखान्यातला सुरक्षा अधिकारी गुळगुळीत बोलणारा होता. त्याच्यामागे भिंतीवर फळा होता: यंत्र बंद राहिल्याची मिनिटं. प्रत्येक दिवसापुढे शून्य.

"वाईट झालं हो," तो म्हणाला. "पण तळाच्या समासात हयगय झाली, त्याला आम्ही काय करणार? मी स्वतः टाइप करून छापखान्याला तक्रार पाठवली आहे. माझं सगळं मीच टाइप करतो."

त्याने तक्रारीची प्रत लावलेली फाइल पुढे केली. पत्र कागदाच्या दोन्ही बाजूंना होतं. मागची बाजू वाचताना हवालदार अडखळला. फाइलसाठी पाडलेली भोकं उजवीकडच्या शब्दांतूनच आरपार गेली होती.

वहिनींनी पत्राच्या दोन्ही बाजू मोजल्या. त्यांच्या नाकपुड्या फुगल्या. हवालदार चार पावलं मागे सरकला. 

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळ्यांना छापखान्यात जमवलं. हवालदाराने भावाला रिक्षातून आणलं. उजव्या हाताला पट्टी बांधलेली, मान बहिणीच्या विरुद्ध दिशेला.

"कागदाला दोन बाजू असतात," वहिनी म्हणाल्या. "सेहेचाळिसाच्या पाठीवर पंचेचाळीस. एकच ओळ बाकीच्यांपासून वीस मिलिमीटर खाली कुणी बसवत नाही. म्हणून सुरीने सेहेचाळिसाची ओळ उडवली असती, तर पंचेचाळिसाचा तळही कापला गेला असता. तो पुरता वीस मिलिमीटर आहे. म्हणजे ओळ कापलेली नाही. ती छापलीच नाही. पहिली प्रत खात्याला गेल्यावर कुणीतरी हे पान नव्याने टाइप केलं."

"हिनेच केलं असेल," अधिकारी म्हणाला.

"डाव्या पानाची बांधणी उजवीकडे असते, म्हणून रुंद समास उजवीकडे हवा. या पानावर तो डावीकडे आहे. उजवीकडचे शब्द बांधणीने गिळले. ही चूक जुळणीवाली करणार नाही, मालक तर नाहीच. ही चूक कोण करेल? ज्याचा प्रत्येक कागद फाइलला लागतो तो. कागद उलटला तरी रुंद समास डावीकडेच ठेवणारा. तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूचा डावा समास पस्तीस मिलिमीटर, उजवा बारा. या पानाचेही तेच आकडे. भोकं तुमच्याच शब्दांतून गेली, साहेब, तरी तुमच्या लक्षात आलं नाही."

"पण असं कशाला करतील?" हवालदाराने विचारलं.

"दर पाळीला तपासायचं तर यंत्र थांबवावं लागतं. मग फळ्यावर शून्य कसं लिहिणार?"

मालकांनी कपाळाला हात लावला. "शेवटच्या दिवशी एक पान बदलून पाठवलं यांनी. किरकोळ दुरुस्ती म्हणाले. मी तसंच लावलं."

"मला का नाही दाखवलंत?" जुळणीवालीचा आवाज फाटला.

"तू समास नीट केला असतास," मालक पुटपुटले. "आणि ओळ कुठे गेली, तेही विचारलं असतंस. मोठं गिऱ्हाईक होतं गं."

"एका ओळीने काय होतं—" अधिकारी बोलून गेला. पुढचं बोलायच्या आत काकांनी त्याची कॉलर धरली. हवालदाराने सोडवायला हवं होतं. त्याने मुद्दाम जरा वेळ लावला, मग पोलिसांना फोन केला.

भाऊ उठून टेबलापाशी आला. त्याने पंचेचाळीस बघितलं. उलटून सेहेचाळीस बघायला गेला, तर पट्टी बांधलेल्या हातातून पान निसटलं.

"ताई, मला वाटलं—"

"तुला वाटलं! तीन आठवडे नुसतं वाटलं! एकदा तोंड वळवून मला विचारावंसं नाही वाटलं तुला?"

 त्याने पुन्हा पान उलटायचा प्रयत्न केला. ते पुन्हा निसटलं. तिचे डोळे रागाने भरून आले होते आणि तो राग आज जाणार नव्हता.

तिने पान उलटलं, आणि त्याचं वाचून होईपर्यंत दाबून धरलं.